गाळलेले तारे

डॉ. नागम्मा विटकर यांना राग आला की आधी त्यांचे कान तापायचे. त्या दिवशी पुण्यातल्या त्या गारेगार सभागृहात, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या असताना त्यांचे कान तापायला लागले, आणि का ते त्यांना कळेना. सत्कार त्यांचाच होता. मंचावर बोलत होता तो त्यांचा लाडका विद्यार्थी, डॉ. निरंजन केळुसकर. टाळ्या पडत होत्या त्या त्यांच्याच नावाच्या पद्धतीला. मग चिडायचं कशावर?

ही विटकर पद्धत काय आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही.

एकही तारा जन्मल्यापासून विझेपर्यंत आजवर कुणी पाहिलेला नाही. ताऱ्यांचं आयुष्य लाखो, कोट्यवधी वर्षांचं. आपण सत्तर-ऐंशीत गुंडाळतो. तरी ताऱ्यांचं सगळं चरित्र आपल्याला ठाऊक आहे. कसं? परग्रहावरच्या एखाद्या पाहुण्याला आठवडी बाजारात एकच मिनिट उभं करा. त्याला कडेवरची पोरं दिसतील, मिसरूड फुटलेले दिसतील, काठी टेकणारे दिसतील. डोकं असेल तर तो ओळखेल की ही वेगवेगळी जनावरं नव्हेत, एकाच प्राण्याची ही वयं आहेत. खगोलशास्त्रज्ञ तेच करतात. ताऱ्याचा प्रकाश फोडून त्यातल्या काळ्या रेषा वाचायच्या, त्यावरून तो किती तापलेला आहे ते ठरवायचं आणि ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशा सात वर्गांत त्याला बसवायचं. निळा, प्रखर ओ सगळ्यात वर आणि लाल, मंद एम तळाला. मग तापमान एका अक्षावर, तेज दुसऱ्यावर, आणि मांडायचे ठिपके. बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात येऊन बसतात. त्या पट्ट्यात कोण कुठे बसणार, किती जगणार, कसा मरणार, हे एका गोष्टीवर ठरतं: जन्माच्या वेळी त्याच्यापाशी किती वस्तुमान होतं. जड तारे भडाभडा जळून लवकर संपतात. हलके तारे धुमसत राहतात.

नागम्माबाईंनी यात भर घातली ती यंत्राची. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा आणि त्याच्या पृष्ठभागाची बारीक थरथर एकदा नोंदवली की त्यांचं यंत्र त्याचं जन्माचं वस्तुमान, आजचं वय आणि उरलेलं आयुष्य सांगून मोकळं व्हायचं. दहा वर्षांत जगभरच्या वेधशाळांनी ते उचललं. आणि निरंजनने ते उचललं माणसांसाठी.

"मित्रहो," तो मंचावरून म्हणत होता, "विद्यार्थ्याची पंधराव्या वर्षापर्यंतची माहिती द्या. जन्माचं वजन, आईचं शिक्षण, घरातली पुस्तकं, मेंदूचा एक छोटा स्कॅन. जीवनरेषा हे आमचं यंत्र त्याची पुढची चाळीस वर्षं सांगेल. यंदा राज्यातल्या दहावीच्या प्रत्येक मुलाला त्याचा वर्ग मिळाला आहे. आता चुकीच्या मुलांवर जागा वाया जाणार नाहीत!"

टाळ्या. नागम्माबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. लाखो माणसांचे लाखो ठिपके, डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारा एक पट्टा. ताऱ्यांचा असतो तसाच, उलट जास्तच देखणा. 'समुपदेशनासाठी वापरू,' असं सांगून या पठ्ठ्याने परवानगी नेली होती, आणि इथे राज्यभरातल्या पोरांची वाटणी करून मोकळा झाला होता! राग होता तो त्याचाच, असं त्यांना वाटलं. पण त्या आलेखातही काहीतरी डोळ्यांत खुपत होतं, आणि ते काय ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात फोन थरथरला. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, अन्वी. तिचा निरोप होता: 'मावशी, अभिनंदन. माझा वर्ग एम आला.'

नारळ खुर्चीवर ठेवून नागम्माबाई सभागृहाबाहेर पडल्या.

खाणवस्तीत पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. थोरली बहीण दुर्गव्वा दारात बसून पाट्याला टाकी लावत होती. छिन्नीवर हातोडा पडत होता, दगडाची भुकटी लुगड्यावर उडत होती. पाहुणी दिसली तरी हात थांबला नाही.

"आलीस? शाल कुठंय?"

"गाडीत टाकली."

"टाकू नये गं. मानाची असती ती."

"आक्का, अन्वीचं मला सांगायचं नाही होय?"

"तुला काय सांगायचं? तुझ्याच मशीननं सांगितलं की."

"ते माझं मशीन नाही!"

आक्काने हातोडा खाली ठेवला. "नाव तुझं हाय न्हवं त्याला? पेपरात फोटो आलाय. विटकर म्हणून. आपल्या बापाचं आडनाव असलेलं मशीन खोटं कसं बोलंल?"

नागम्माबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्काने आकांत केला असता, त्यांना चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिने तो निकाल चक्क मान्य केला होता, आणि तोही धाकट्या बहिणीवरच्या विश्वासापायी! या विश्वासाचं करायचं काय?

अन्वी आतून आली. पंधरा वर्षांची, किडकिडीत, आईसारखंच रुंद कपाळ. पठारावरच्या वेधशाळेशेजारी सरकारी विज्ञान विद्यालय आहे. तिथे जायचं हे तिने सहावीतच ठरवून टाकलं होतं. वेधशाळेत मावशीकडे आली की दुर्बिणीपाशी कमी आणि त्या विद्यालयाच्या कुंपणापाशी जास्त घुटमळायची.

"मावशी, एम म्हणजे लाल, खुजा तारा ना? तूच सांगितलं होतंस. थंड, मंद, पण टिकाऊ. आमचे सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, टिकाऊ माणसंही समाजाला लागतात."

"कोण हा गाढव? तू प्रवेशपरीक्षा दे. बघते मी कोण अडवतो ते!"

"एम वर्गाला परीक्षेला बसता येत नाही. मला गोदाम-सेवेच्या प्रशिक्षणाला टाकलंय. सोमवारपासून." ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "वर्गात मला आता बुटकी म्हणतात. तुझ्या मशीनमुळे."

नागम्माबाई उंबऱ्यावर बसल्या. आक्काने पुन्हा छिन्नी उचलली. टक, टक, टक. लहानपणी हाच आवाज ऐकत नागम्मा पाढे म्हणायची. पाढे शिकवणारी आक्काच. पुढे वसतिगृहाची माणसं आली, घरटी एकच मूल नेणार म्हणाली, आणि बापाने धाकटीला पाठवलं. वसतिगृहातलं तेल-साबण, कॉलेजची फी, पुण्यातली खोली, सगळं या हातोड्यावर निघालं होतं. आणि मनात आलं, त्या देखण्या आलेखात आपला ठिपका कुठे पडेल? खडी फोडणाऱ्याची पोर, आई निरक्षर, घरात पुस्तकाचं पान नाही. आणि चाळिशीत वेधशाळेची संचालक. पट्ट्याच्या पार वर, एकटाच लटकलेला.

आणि तिथे त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. त्या आलेखात पट्ट्याबाहेर एकही ठिपका नव्हता!

असा आलेख जगात असूच शकत नाही. आकाशाचा कुठलाही तुकडा घ्या, पट्ट्याच्या वर एक फिकट झालर दिसतेच, आणि इकडे-तिकडे उंडारणारे, वयाला न शोभणारे निळे तारेही दिसतात. ते असतात जोडतारे, एकमेकांभोवती फिरणारे. दोघांचा प्रकाश मिसळतो, एकाचं वस्तुमान दुसऱ्यात जातं आणि सगळी गणितं कोलमडतात. म्हणून यंत्राला पद्धत शिकवताना काय करतात? तांदूळ निवडतात तसे आधी नमुन्यातून जोडतारे गाळतात. सगळे गाळतात, नागम्माबाईंनीही गाळले होते. त्यात लबाडी नाही. मात्र एक पथ्य पाळायचं असतं, आणि ते त्यांनी शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं: ताऱ्याला जोडीदार असल्याचं दिसलं तर या पद्धतीने त्याच्याबद्दल तोंड उघडू नये.

"निरंजन, गाढवा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "तू माणसांतलेही गाळलेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याच्या कार्यालयात धडकल्या. त्याने चहा मागवला, तो त्यांनी परत पाठवला.

"मॅडम, गाळणी तुमचीच आहे," निरंजन शांतपणे म्हणाला. तो खोटारडा नव्हता, तीच तर पंचाईत. त्याचा स्वतःच्या कामावर मनापासून विश्वास होता. "ज्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचं मोठं पाठबळ आलंय, त्यांची स्वतःची कुवत किती ते कळत नाही. कुणाची फी मामाने भरली, कुणाला शेजारणीने घरी ठेवून शिकवलं. अशा नोंदी दूषित धरल्या. तुम्हीच शिकवलंत."

"किती गाळलेस?"

"साधारण तिसरा हिस्सा."

"तिसरा हिस्सा! अरे, हाताला धरून वर आलेला प्रत्येक माणूस तू काढून टाकलास, आणि मग जगाला सांगतोस की कुणी वर येत नाही? तुझ्या यंत्राने असा माणूस पाहिलेलाच नाही रे!"

"ते अपवाद आहेत, मॅडम."

"माझी नोंद काढ."

"कशाला उगाच..."

"काढ म्हणते ना!"

त्याने काढली. पडद्यावर अक्षरं आली: 'विटकर नागम्मा. वर्गीकरण अशक्य. जोड-नोंद. जोडीदार: धोत्रे दुर्गव्वा, नाते बहीण.' वसतिगृहाच्या पावत्या आणि मनिऑर्डरी जुळवून यंत्राने स्वतःच ते शोधलं होतं.

"आता गाळणी काढून चालव."

निरंजनने बटण दाबलं. पडद्यावर एम आला होता.

"बोल की! चुकीच्या मुलांवर जागा वाया जाणार नाहीत, असं म्हणत होतास ना काल? मला शाल पांघरवताना तरी लाज वाटायची होती!" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि अन्वीच्या बाबतीत तोंड का उघडलंस? ही दुर्गव्वा धोत्रे तिची आई आहे. तुझ्याच यंत्राने तिला जोडीदार म्हटलंय, आणि तिचेच आकडे तू सरळ पोरीच्या खात्यात लावलेस."

निरंजनने दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडल्या.

"ही तपासणी मुलांच्या नोंदीवर लावली होती," तो हळूच म्हणाला. "आयांच्या नोंदीवर लावायचं डोक्यातच आलं नाही."

"नाहीच येणार. आईला कोण तारा समजतं?"

नागम्माबाईंनी अन्वीसाठी अपील केलं. मुलांना वर्ग देणाऱ्या मार्गिका मंडळाची सुनावणी शनिवारी सकाळी होती. अपिलाला कारण एकच चालायचं, नमुना दूषित असल्याचं. ही अट नियमावलीत आली होती नागम्माबाईंच्या निबंधातून, शब्दन्‌शब्द उतरवून. बाहेरच्या व्हरांड्यात, बातमी ऐकून आलेल्या, खाणवस्तीतल्या आणि कुठल्या-कुठल्या बायका आपापल्या पोरांना घेऊन बसल्या होत्या. आत टेबलामागे सुनावणी अधिकारी ओगले, त्यांच्या शेजारी टंकलेखनाला एक तरुण. एका बाजूला निरंजन, दुसऱ्या बाजूला या तिघी. आक्का यायला तयार नव्हती. अन्वीने हात धरून आणली होती.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे," ओगले म्हणाले, "पण यंत्र तुमचं, आणि तक्रारही तुमचीच?"

"म्हणूनच माझी. साहेब, आकाशात मायावती नावाचा तारा आहे. दर तिसऱ्या दिवशी तो मंद होतो, कारण त्याचा जोडीदार त्याच्या आड येतो. या जोडीने आम्हा खगोलवाल्यांना फार छळलं. त्यातला प्रखर तारा जड आणि तरुण, मंद तारा हलका आणि म्हातारा. आणि नियम तर असा, की जड तो लवकर म्हातारा व्हावा! मग हे उलटं कसं? तर जन्माला आले तेव्हा तो मंद ताराच थोरला होता, जड होता. तो आधी फुगला, आणि त्याचं वस्तुमान शेजाऱ्याने ओढून घेतलं. आज तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणाल, हा जन्मतःच हलका. साफ चूक! उरलेल्या वजनाला तुम्ही जन्माचं समजलात."

ओगल्यांनी चष्मा काढला. "याचा या मुलीशी संबंध?"

"तुमच्या यंत्राने हिच्या आईचं शिक्षण सातवी लिहिलं, मजूर लिहिलं, आणि त्यावरून पोरीला एम दिला. ही आई म्हणजे देऊन उरलेला तारा आहे. घेणारी मी. विचारा डॉक्टर केळुसकरांना, त्यांच्या यंत्रानेच लिहून ठेवलंय."

निरंजन उभा राहिला. नोकरीचा, नावाचा, सगळ्याचा प्रश्न होता. त्याने मॅडमकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "खरं आहे. जोड-नोंद आहे. या आईचे आकडे वापरायला नको होते."

नागम्माबाई पुढे म्हणाल्या, "साहेब, माझ्या बहिणीने माझ्यासाठी शाळा सोडली. एवढा मोठा त्याग..."

"त्याग?"

आक्का बोलली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कसला त्याग? कुणी केला? मी?" ती उठून उभी राहिली, दगड फोडून रुंद झालेले पंजे टेबलावर टेकले. "मी शाळा सोडली नाय. सोडवली. सातवीत पयला नंबर होता माझा. बाप म्हणला, थोरली अंगानं दांडगी हाय, कामाची हाय, धाकटी जाऊ दे. मला कुणी इचारलं? मी तीन दिवस जेवली नाय, ते कुणाला आठवतंय? हिला आठवतंय का इचारा! आली की लुगडं देती, पाया पडती, चारचौघांत म्हणती आक्काचे उपकार. उपकार करायला मला दिलंच कुणी? हिसकून घेतलं माझं!"

इतक्या वर्षांत आक्का हे कधी बोलली नव्हती, आणि नागम्माबाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

"मग परवा मला का नाही बोललीस, आक्का?"

"परवा वाटलं, मशीन म्हणतंय तर असंल. आपून जन्माचेच हलके असू. वाटलं, बाप बरोबरच होता म्हणायचा." आक्काने हनुवटीने धाकटीकडे खूण केली. "आता ही सांगती तसं नाय. तर मग माझं नेलं ते नेलं. माझ्या पोरीचं न्यायचं नाय. सांगून ठेवते!"

उघड्या दारातून व्हरांड्यातल्या बायका आत बघत होत्या. एक उठली, मग दुसरी, आणि मग सगळाच व्हरांडा उभा राहिला. "साहेब, माझ्याबी पोराचं बघा," कुणीतरी ओरडलं. "माझा भाऊ माझ्या फीवर शिकलाय!" "माझी नणंद!" शिपाई दार लावायला धावला, पण ते लागेना.

ओगल्यांनी घाम पुसला. नियम समोर होता, यंत्राची नोंद समोर होती आणि यंत्राचा कर्ता कबूल करून बसला होता. वाकवायला जागाच उरली नव्हती.

"अन्वी धोत्रे यांचं वर्गीकरण रद्द," ते म्हणाले. "प्रवेशपरीक्षेला बसता येईल. बाकीच्यांचे अर्ज... घ्यावे लागतील."

"आणि यंत्रावरचं विटकर हे नाव आजपासून काढायचं," नागम्माबाई म्हणाल्या. "ते माझ्या एकटीचं नाही."

अन्वीने आईचा हात घट्ट धरला होता. टंकलेखन करणाऱ्या तरुणाने आदेश लिहायला घेतला. जोड-नोंदीत त्याला दोन जागा भरायच्या होत्या. तो पुटपुटत टंकू लागला, "प्रमुख तारा, डॉक्टर नागम्मा विटकर. दुय्यम तारा, श्रीमती दुर्गव्वा..."

"थांब रे," आक्का म्हणाली. "दुय्यम म्हंजे काय?"

तरुण गडबडला. "म्हणजे... धाकटा. कमी वजनाचा."

आक्काने बहिणीकडे पाहिलं. नागम्माबाईंनी नजर चुकवली नाही. त्यांनी फक्त मान डोलावली.

"खोड ते," आक्का म्हणाली. "पयलं नाव माझं लिही."